तेव्नपीर

टॉवेल त्यानं उजेडाकडं धरला
आणि मला न दिसलेली एक चुकलेली वीण
त्याच्या बोटाला सापडली.
अक्कलकोट रोड, मे महिना, डोक्यावर तापलेला पत्रा.
चोवीस माग एकदम खडखडत होते,
तरी मालकानं नाकानं सोडलेला श्वास
मला स्पष्ट ऐकू आला.

एकेचाळीस वर्षं मी चेकिंगला.
बाणा चुकला तर कारागिराच्या आधी मला कळायचं,
हात फिरवला की पुरे.
आता डाव्या डोळ्यात ढग आहे,
आणि दवाखान्याची तारीख दिवाळीनंतरची.

शेरवान दुहोकचा. कुर्द.
दहा वर्षं सोलापूरचा माल नेतोय,
हिंदी तोडकी, पण भाव पाडण्यापुरती पक्की.
पहिल्याच दिवशी मला ‘काका’ म्हणाला, बरं वाटलं.
मग कळलं, त्यांच्यात काका म्हणजे थोरला भाऊ.
आणखी बरं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत
कडक भाकरीवर शेंगाचटणी पसरत
मी डोळ्याकडं बोट केलं, म्हटलं, बुढापा.
तो म्हणाला, पीरी.

मला वाटलं, आमच्या गल्लीच्या तोंडावरचा पीर विचारतोय.
हिरवी चादर, गुरुवारचा ऊद.
आई त्याला तेलुगूत नवस बोलायची.
मी मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसलो तेव्हाही बोलली होती.
भाषेचाच घोटाळा झाला असणार.

तसं नव्हे, म्हणाला. पीर म्हणजे नुसता म्हातारा.
म्हातारी असली तरी पीरच.
काही लोकांत पुजाऱ्यालाही म्हणतात.
मग भाकरीच्या पिठात बोटानं रेघा ओढल्या,
उभ्या, त्यांवरून आडव्या:
तेव्न म्हणजे माग.
तेव्नपीर. मागावरची म्हातारी.
आणि बोटं वाकडी करून टेबलावरून चालवली.
कोळी! कोळ्याचं जाळं!

संध्याकाळी अशोक चौकात जोग मास्तरांना सांगितलं.
मास्तर रिटायर झाल्यापासून
कुठल्याही शब्दाला संस्कृतपर्यंत पोचवून येतात.
पीर, म्हणाले, ‘पूर्व्य’चा भाऊ.
पूर्वीचा. आधी आलेला.
आणि आपला म्हातारा, माहितीये? महत्तर.
जास्त मोठा, एवढंच.
त्यात कंबर वाकल्याचं काही नाही, दात पडल्याचं नाही.
मी म्हटलं, मास्तर, मग मालकाला सांगा ना हे,
तो मला पुढच्या महिन्यापासून
पोत्यांच्या हिशेबाला बसवतोय.
मास्तरांनी चहाचे पैसे दिले.

आधी आलेला.
घरी जाताना हेच घोळत होतं.
शेवटच्या वर्षी आईला माणसं ओळखू येत नव्हती.
मला ती ‘ओ अण्णा’ म्हणून हाक मारायची, म्हणजे तिचा भाऊ.
पण झोपेतही बोटं चालू असायची,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
आणि हजार विड्या वळून व्हायच्या.
सकाळी थकलेली असायची खरोखर.
तेव्हा मला तो आजार वाटला.
कुणी मला तेव्हा हा शब्द दिला असता
तर मी काय केलं असतं, माहीत नाही.
बहुतेक काहीच नाही.

शेरवाननं त्या एका विणीवर
सगळ्या लॉटला दोन टक्के सूट मागितली.
मिळाली.
जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाला, काका.
शब्द वेगळा, धंदा वेगळा.

चेकिंगच्या ट्यूबलाइटमागं एक जाळं आहे.
दर सोमवारी, मागांच्या सुट्टीला, मी ते झाडूनं काढायचो.
या सोमवारी स्टूलवर चढलो
आणि झाडू खाली ठेवून
बाणा कुठं चुकलाय का, बघत राहिलो.
चुकलेला दिसला नाही.
डावा डोळा झाकून बघितलं.
मग उजवा.